बाळाची खोली, म्हणजे आधी बाळंतिणीची

आमचं घर रत्नागिरीपासून थोडं आत, जांभ्या दगडाचं, कौलारू. माजघराला लागून एक अंधारी खोली आहे. हल्ली तिथे तांदळाची पिंपं आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्या असतात, पण घरात सगळे तिला अजून बाळंतिणीची खोलीच म्हणतात. लेकीला दिवस गेल्याचं कळलं, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं आणि ती खोली रिकामी करायची का, हा विषय दुसऱ्याच दिवशी जेवताना निघाला.

लेक पुण्याहून फोटो पाठवायला लागली. पांढरं कॉट, त्यावर जाळीची झालर, भिंतीवर ढग आणि जिराफ, कोपऱ्यात मोठं अस्वल. फोटो देखणे होते. मला एक गोष्ट मात्र सारखी जाणवायची की त्यातल्या बहुतेक खोल्यांत आईला बसायला जागाच नव्हती. बाळ एकटंच त्या खोलीत राहणार असल्यासारखं सगळं मांडलेलं.

सासूबाईंची धाकटी दोन बाळंतपणं या घरात, त्या अंधाऱ्या खोलीत झाली. त्यांचं वय आता पंच्याऐंशीच्या पुढे. मी त्यांना म्हटलं, तिथे उजेड नाही, वारा नाही, आपण बाळाला पडवीकडची पूर्वेची खोली देऊ. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "अंधारासाठी नव्हती गो ती खोली. तिला आतून कडी होती. सव्वा महिना मला कोणी हाक मारत नव्हतं. एरवी एवढ्या माणसांच्या घरात पाठ टेकायला कुठे मिळायची? तुला हवी ती खोली दे, पण तिच्या दाराला कडी असू दे."

लग्न होऊन मी या घरात आले त्याला तीस वर्षं होऊन गेली, पण हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. पुढचं सगळं मी त्यांच्या या बोलण्याला धरून केलं. पहिले काही महिने बाळाची खोली ही बाळंतिणीची खोली असते. तिला झोप मिळाली, उठताबसता त्रास झाला नाही, हाताशी हवं ते मिळालं, की बाळाचं निम्मं काम झालं. बालरोगतज्ज्ञांचं म्हणणंही याच्याशी जुळतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये ज्या सूचना दिल्या त्यात निदान पहिले सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या बिछान्यावर झोपावं, असं आहे. लेकीच्या पुण्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं.

तारीख श्रावणातली, म्हणजे ऐन पावसातली. कोकणात जे काही रंगवायचं, वाळवायचं, ठोकायचं ते मृगाच्या आधी. त्यामुळे चैत्रातच सुरुवात केली.

पूर्वेच्या खोलीची बाहेरची भिंत हे पहिलं दुखणं. काही वर्षांपूर्वी एका रंगाऱ्याने तिच्यावर ऑइलपेंट मारून दिला होता, धुता येईल म्हणून. पहिल्याच पावसात त्याला फुगे आले आणि पापुद्रे सुटले. जांभा पाणी ओढतो आणि उन्हाळ्यात सोडतो. वरून रंगाचं प्लॅस्टिकसारखं कवच चढवलं की ओल आत कोंडते, मग बुरशी धरते. बाळाच्या खोलीत बुरशीचा वास चालणार नव्हता. रंग ओला करून खरवडून काढला. बाहेरून कौलांची पागोळी थेट भिंतीवर उडत होती, तिथे पन्हळ लावला. आतून पुन्हा चुना.

कळीचा चुना ह्यांनी परसात, विहिरीपासून लांब, जुन्या पिंपात भिजत घातला. चुना भिजताना उकळतो, डोळ्यांत उडाला तर इजा होते, म्हणून त्या बाजूला कोणी फिरकायचं नाही अशी ताकीद होती. नीट मुरल्यावर कापडातून गाळला, हाताला पांढरं लागू नये म्हणून डिंकाचं पाणी घातलं, चिमूटभर नीळ टाकली आणि पातळ हात दिले. एक हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा नाही. चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही आणि भिंत श्वास घेते. पेंटचा उग्र वास नाही, हाही मोठाच फायदा.

पिवडी घालून फिकट पिवळा रंग करावा असं माझ्या मनात होतं. मुलगा होवो की मुलगी, पिवळा दोघांना चालतो. प्रसूतिगृहात तपासणीला गेलो असताना तिथल्या वयस्कर परिचारिकेने ऐकलं आणि पटकन म्हणाल्या, "पिवळा नको. बाळाची कावीळ ओळखू येत नाही." नवजात बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळांना पहिल्या आठवड्यात थोडी तरी कावीळ दिसते, बहुतेकांची आपोआप उतरते, पण वाढतेय का ते बघावं लागतं. ते बघायचं दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, कपाळाची किंवा छातीची त्वचा बोटाने हलकी दाबून. भिंती पिवळ्या, पडदा पिवळा, दिवाही पिवळा असला की सगळंच पिवळं दिसतं आणि डोळा फसतो. त्या एका वाक्याने खोलीचा रंग ठरला. भिंती चुन्याच्या पांढऱ्या, खिडकीला साधा पांढरा मांजरपाटाचा पडदा. पडद्याला ओढायची दोरी ठेवली नाही, नुसती दांडी आणि कड्या. लोंबती दोरी पुढे रांगत्या मुलाच्या गळ्यात अडकू शकते.

मग सजावट. जावई शनिवार-रविवारी यायचे तेव्हा एकदा म्हणाले, "आई, आपण सगळं उभ्याने बघतोय. बाळ तर उताणं असणार." म्हणून मी पाळणा टांगायच्या जागी सतरंजी घालून उताणी झोपले. भिंतीवर जिराफ काढले असते तरी तिथून ते दिसले नसते. वर बल्ब, तो सरळ डोळ्यांत येत होता. माळ्याच्या फळ्यांच्या फटींतून धूळ गळत होती. एक पाल निवांत बसलेली. आपण भिंती सजवतो आणि बाळाचा सगळा दिवस आढ्याकडे बघण्यात जातो.

बल्बची जागा बदलली, तो पाळण्याच्या डोक्यामागे भिंतीवर नेला. माळ्याच्या फटी सुताराकडून पट्ट्या मारून बुजवल्या. आणि त्याखाली छत बांधलं, सासूबाईंच्या जुन्या नऊवारीचं. चौकड्यांचं सुती लुगडं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, काठ तांबडा. चारी बाजूंनी लाकडी रिपांवर ताणून बसवलं, म्हणजे झोळ पडत नाही आणि धुवायला काढताही येतं. पाळण्याच्या साखळ्या जिथून खाली येतात तिथे कापड मोकळं सोडलं, घासायला नको. खोलीत सगळ्यात सुंदर काय, असं कोणी विचारलं तर मी ते छतच दाखवते.

पाळणा घरचाच, सागवानी, ह्यांच्या आजोबांच्या वेळचा. त्याच्यावर हिरव्या आणि पिवळ्या रंगाचे थरावर थर. जुन्या रंगांमध्ये शिसं असायचं, पिवळ्यात तर हमखास. आपल्याकडे घरगुती रंगात दर दहा लाख भागांमागे ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालणार नाही हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची काहीच खात्री नाही. बाळाला दात यायला लागले की ते पाळण्याचा कठडा चावणार. पोटुशीच्या अंगात गेलेलं शिसंही बाळापर्यंत पोचतं. म्हणून लेक यायच्या आधी सुताराने पाळणा खळ्याच्या टोकाला नेऊन, खाली प्लॅस्टिक अंथरून, लाकूड ओलं ठेवत रंग खरवडला. सुका पॉलिशपेपर लावू दिला नाही, त्याची धूळ सगळ्यात वाईट. तोंडाला मास्क होता. निघालेले पापुद्रे प्लॅस्टिकसकट गुंडाळून बाहेर काढले, चुलीत घालू दिले नाहीत. खालचं सागवान असं उजळ निघालं की पुन्हा रंग द्यावासा वाटला नाही. नुसतं जवसाचं तेल चोळून घेतलं.

कठड्याच्या गजांमधलं अंतर मात्र मोठं होतं. सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट असली तर बाळाचं अंग निसटून डोकं अडकू शकतं. सुताराने टेपने मोजून मधेमधे नवे गज बसवले. तुळईतल्या कड्या काढून बघितल्या, वाळवी नव्हती, तरी एक कडी झिजली होती ती बदलली. मग पाळण्यात पंचवीस किलोचं तांदळाचं पोतं ठेवून ह्यांनी तो दोन दिवस झुलता ठेवला. रात्री बाळ झोपल्यावर पाळणा हलू नये म्हणून खालून दोन्ही बाजूंना अडकवायच्या खुंट्या केल्या.

गादीवरून सासूबाईंशी माझं खरं बोलणं झालं. त्यांनी मोहरीची उशी शिवून ठेवली होती, डोकं गोल व्हावं म्हणून. माझ्या दोन्ही मुलांना ती होती. शिवाय कडेने लावायला मऊ लोड, पांघरायला गोधडी. लेकीने डॉक्टरांनी दिलेला कागद पुढे ठेवला. बाळाला पाठीवर झोपवायचं, गादी सपाट आणि घट्ट, त्यावर चादर ताणलेली, आणि बिछान्यात दुसरं काही नाही. उशी नाही, लोड नाही, मऊ खेळणी नाहीत. लहानग्याचं नाक मऊ कापडात दबलं तर त्याला मान वळवून सोडवून घेता येत नाही. अमेरिकेत तर कॉटच्या कडेला लावायचे फुगीर लोड २०२२ च्या कायद्याने विकायलाच बंदी आली. झोळीही त्यामुळे गेली, कारण झोळीत पाठ गोल होते आणि हनुवटी छातीवर टेकते.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणि डोकं चपटं झालं तर?" प्रश्न बरोबर होता आणि त्याला उत्तर खोलीच्या मांडणीतच मिळालं. बाळ उजेडाकडे आणि आईकडे मान वळवतं. खिडकी कायम एकाच बाजूला राहिली की डोक्याचा एकच भाग दबतो. म्हणून ठरवलं की एक दिवस बाळाचं डोकं पाळण्याच्या या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला. जागेपणी, कोणीतरी समोर बसून, थोडा वेळ पालथं ठेवायचं. हे त्यांना पटलं, आणि कुठल्या दिवशी कुठलं टोक हे लक्षात ठेवायची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली.

गादी काथ्याची करून घेतली, पाळण्याच्या मापाची. पिंजून आणलेल्या कापसात हात रुतत होता. काथ्याच्या गादीवर तळवा दाबून उचलला की ठसा राहत नाही, हीच परीक्षा. कडेच्या फटीत दोन बोटं जात नाहीत एवढी ती चपखल बसली. गोधडी फुकट गेली नाही, ती आईच्या खुर्चीवर पाठीला घेतली.

उरलेल्या कापडांचं सासूबाईंनी चिमणाळं केलं, म्हणजे पाळण्यावर टांगायच्या कापडी चिमण्या. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपर्यंतचं जरा स्पष्ट दिसतं, आणि तेही काळंपांढरं, तांबडं, ठळक असलं तर. फिकट गुलाबी, फिकट निळं त्याच्या नजरेत भरत नाही, रंग नीट कळायला चारपाच महिने जातात. मी हे वाचून दाखवलं तर सासूबाईंनी पेटीतून काळ्या चंद्रकळेचा तुकडा, पांढरं मलमल आणि तांबडी खणाची पट्टी काढली. चष्मा नाकाच्या टोकावर, सुईत दोरा मी ओवून द्यायची. पहिली चिमणी झाल्यावर त्यांनी ती हातात उंच धरून खालून बघितली आणि उसवली. मी विचारलं तर म्हणाल्या, "पंखांवर नक्षी काढून काय करायचंय? त्याला हिचं पोट दिसणार." मग सगळ्या चिमण्यांची नक्षी पोटावर आली. काळ्या पोटावर पांढरे ठिपके, पांढऱ्या पोटावर तांबडी चीर, चोची खाली वळवलेल्या. डोळ्यांना मणी लावले नाहीत, दोऱ्याचे टाके घातले. मणी सुटून तोंडात जायला नको. चिमणाळं तोंडाच्या बरोबर वर न टांगता छातीच्या रेषेत, जरा बाजूला टांगलं.

सावंतवाडीला गेलो तेव्हा चितारआळीतून लाकडी फळांची परडी आणली, ती उंच फळीवर ठेवली. ती मोठ्यांनी बघायची. रंग कुठला आहे, लाखेचा की तेलाचा, हे विचारून खात्री केल्याशिवाय लाकडी खेळणं बाळाच्या तोंडाजवळ नेऊ नये. कारखान्यात बनलेल्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, खुळखुळा घेताना ते बघून घेतला.

आता आईची बाजू. खुर्ची शोधायला सगळ्यात जास्त वेळ गेला. खाटेवर बसून पाजलं की पाठ मोडते. शेवटी ओसरीवरची ह्यांची हातांची खुर्ची आत नेली, पायाखाली पाट ठेवला. लेक पोटावर उशी घेऊन बसली, कोपर हातावर टेकलं, गुडघे जरा वर आले आणि म्हणाली, "आई, ही इथून हलवायची नाही." खुर्चीच्या उजव्या हाताला भिंतीतला कोनाडा. त्यात पाण्याचा तांब्या, डिंकाच्या लाडवांचा डबा, मोबाइलची तार, रुमाल. लंगोट बदलायला ह्यांचं जुनं लिहायचं टेबल, त्याला सुताराने पाय वाढवून तिच्या कोपराच्या खाली येईल एवढं उंच केलं. सिझेरियन झालंच तर वाकायला नको. एक हात बाळावरच राहील अशा बेताने दुपटी, लंगोट, तेल सगळं दुसऱ्या हाताच्या टप्प्यात. टेबल आणि कपाट भिंतीला पट्टीने स्क्रू मारून पक्कं केलं.

शहाबादी फरशीवर लेकीला गालिचा हवा होता, तो मी घालू दिला नाही. रात्री अर्धवट झोपेत, बाळ कडेवर घेऊन चालताना पायात काही अडकू नये. खाट, पाळणा, खुर्ची, टेबल आणि न्हाणीघराचं दार ही वाट मी दिवे घालवून चालून बघितली. आमच्याकडे पावसात वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही, म्हणून जावयांनी छोटा इन्व्हर्टर बसवला. पंखा, रात्रीचा मंद दिवा आणि मोबाइल एवढंच त्यावर. दिवा फरशीपासून वीतभर वर, खाटेच्या आड. उजेड जमिनीवर पडतो, बाळाच्या डोळ्यांवर नाही.

डासांसाठी खिडकीला बारीक जाळी आणि पाळण्याला मच्छरदाणी. कॉइल नाही, लिक्विडही नाही. धुरीचं काय, हा प्रश्न उरला. ओवा, वावडिंग, लसणाची सालं निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरी देणं सासूबाईंना अगदी आवश्यक वाटायचं, आणि नवजात बाळाच्या छातीला कुठलाही धूर वाईट. इथे त्यांनी स्वतःच वाट काढली. शेगडी पडवीत ठेवायची. धूर संपून निखारे लालभडक झाले की त्यावर टोपली उपडी घालून लंगोट आणि दुपटी वाळवायची. श्रावणात कपडे आठवडाभर दमट राहतात, दमट लंगोटाने बाळाची कातडी सोलवटते. त्यामुळे शेगडीला खरोखरीचं काम मिळालं, आणि ती संभाळणाऱ्या सासूबाईंनाही.

आणि दार. जुनी कडी गंजली होती, ती काढून आतून लागणारी नवी पितळी कडी लावली. बाहेरूनही उघडता येईल अशी फट ठेवली, लेकीला आत भोवळ वगैरे आली तर. भेटायला येणाऱ्यांची खुर्ची पडवीत. बाळ बघायला मिळेल, पण कडी उघडी असेल तेव्हा.

नात झाली नारळी पौर्णिमेच्या सुमाराला. तिसऱ्या दिवशी घरी आली. चौथ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी नेऊन कपाळ दाबून बघितलं तर पिवळसर वाटलं, छातीवरही. पांढऱ्या भिंतीसमोर शंकेला जागाच नव्हती. लगेच दाखवायला नेलं, रक्त तपासलं, आकडा उपचाराच्या रेषेखाली होता. पुन्हा तपासायला बोलावलं आणि दूध वारंवार पाजायला सांगितलं. आठवड्याभरात उतरली. पाचवीच्या रात्री सासूबाईंनी कोनाडा रिकामा करून घेतला आणि सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन ठेवलं. समई कापडाच्या छतापासून लांब, दाराजवळ लावली. बारशाला पाळणा फुलांनी सजवला, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं, आणि पाहुणे गेल्यावर फुलांचा प्रत्येक दोरा मोजून काढला.

चिमण्यांकडे ती दीडेक महिन्याची झाल्यावर टक लावून बघायला लागली. ठिपक्यांच्या चिमणीकडे जास्त. लेक सकाळी दहा ते बारा कडी लावून झोपायची, तेव्हा बाळ माझ्याकडे आणि सासूबाई पडवीत शेगडीपाशी. त्या वेळात दारावर थाप मारायची कोणाची हिंमत नव्हती.

दिवाळीनंतर मायलेकी पुण्याला गेल्या. काथ्याची गादी पाळण्याच्या मापाची, ती इथेच राहिली, तिकडच्या कॉटसाठी त्या कॉटच्या मापाची घट्ट गादी करून घेतली. खुर्ची मात्र लेकीने टेम्पोत घालून नेली. परवा तिचा फोन आला की बाळ कुशीवर वळून हातांवर जोर द्यायला लागलंय, म्हणून चिमणाळं आता हाताला येण्याआधी काढलं. सासूबाईंनी लगेच विचारलं की खिडकीच्या गजांमधलं अंतर मोजलं का. जावई टेप घेऊन मोजताहेत, मधल्या दोन खिडक्यांना जाळी लावावी लागेल.